नातवंडांच्या अणुविजेबाबत एक हरकत

माझ्या व्यवसायाविषयी या अंकासाठी काही लिहावे, असे संपादक महोदयांनी सुचवले, तेव्हा मी त्यांना प्रथम एक अट घातली. माझा जन्म कोठे झाला, या धंद्यात मी कसा आलो, परवाना कोणत्या साली मिळाला, यांपैकी काहीही मी लिहिणार नाही. इतरांची जन्मस्थाने आणि जन्मतारखा लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःची लिहिण्याचा कंटाळा असतो. मी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेलो नाही, ही गोष्ट मात्र कोणीतरी उकरून काढणारच. म्हणून ती येथेच नमूद करतो आणि पुढे जातो.

मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या भिंतीलगत माझे टेबल आहे. लोकांची अशी समजूत असते की, अर्जनवीस म्हणजे निरक्षरांचा लेखनिक. हा गैरसमज आहे. आजकाल माझ्याकडे येणाऱ्यांत शिकलेलेच अधिक असतात. त्यांना अक्षरे येतात, अर्ज येत नाही. रागावलेला पदवीधर पाच पाने लिहितो आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, ते लिहायला विसरतो. अर्जदार कोण, काय घडले आणि मागणे काय, एवढेच अर्जाला सांगायचे असते. आणि मागणे एका वाक्यात मावले पाहिजे. मावत नसेल, तर अर्जदाराला आपले मागणे अजून कळलेले नाही, असे समजावे.

नमुने पुष्कळ भेटले. एका निवृत्त गृहस्थांची अनेक वर्षे एकच तक्रार होती: बागेतले एक बाक भिंतीकडे तोंड करून बसवले आहे. मी एकदा विचारले, "मग आपण दुसऱ्या बाकावर का बसत नाही?" ते म्हणाले, "अहो, मी बसतोच दुसऱ्या बाकावर. त्यावरूनच तर ते दिसतं." धायरीचे एक जमीनदार पाटील आले होते. त्यांचे गाव महापालिकेत गेले, त्याला बराच काळ लोटला होता. म्हणाले, "आमचं गाव शहरात आलं म्हणत्यात. येऊ द्या. पर मला गावातच ऱ्हायचं हाय, तसा अर्ज ल्ह्या." मी तो लिहिला. कोणाचाही अर्ज लिहिण्यास मी आजवर नकार दिलेला नाही. मात्र एक प्रघात मी कटाक्षाने पाळतो. अर्ज पूर्ण झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची. अर्जदार प्राध्यापक असला तरी वाचून दाखवायचा. आपलेच म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, त्यावर वेगळा लेख होईल.

आता एक गोष्ट अशी सांगतो, जी आमच्या व्यवसायातले लोक बाहेर सांगत नाहीत. अर्ज दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक जागता आणि दुसरा निजता. जागत्या अर्जात कोणी, कधी, काय करावे हे लिहिलेले असते. तो ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो, त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. निजत्या अर्जात भाषा अधिक सुंदर असते. "योग्य तो विचार व्हावा", "त्या अनुषंगाने", "यथावकाश", अशा शब्दांच्या गाद्यागिरद्यांवर तो आरामात पहुडतो आणि फायलीत जाऊन झोपतो. निजता अर्ज मागणारेही असतात. सासूच्या आग्रहाखातर शेजाऱ्यावर तक्रार करणे भाग पडलेला जावई असतो. साहेबांच्या सांगण्यावरून दुसऱ्या साहेबांविरुद्ध लिहावे लागणारा कारकून असतो. अर्ज केला, असे म्हणता आले पाहिजे आणि त्यातून घडता काहीच कामा नये. असा अर्ज लिहायला जागत्या अर्जाहून जास्त कौशल्य लागते. ते माझ्यात आहे, हे सांगताना मी संकोच करणार नाही.

यासीनभाई बागवान यांना हे ठाऊक होते.

यासीनभाईंचे कॅम्पात फळांचे दुकान आहे, राहायला विश्रांतवाडीला. त्यांच्या घरातला प्रत्येक अर्ज माझ्या हातचा. दुकानाचा परवाना, वडिलांचे वारस, मुलगी नसीम हिचा शाळाप्रवेश, पुढे तिची शिष्यवृत्ती. सगळे मंजूर झाले. त्यामुळे माझ्या हाताला गुण आहे, अशी त्या कुटुंबाची श्रद्धा बसली. मी ती मोडण्याचा प्रयत्न केला नाही. नसीम शिकत गेली, अभियंता झाली, आणखी वरचे काहीतरी शिकली आणि देशाच्या अणुऊर्जेचा लांब पल्ल्याचा आराखडा करणाऱ्या एका गटात लागली. त्या गटाचे छोटे कार्यालय पुण्यातच होते.

एका सकाळी यासीनभाई एकटेच आले. खुर्ची ओढून इतके जवळ बसले की, त्यांच्या अंगाला येणारा पेरूचा वास मला आला.

"शिर्केसाहेब, एक अर्ज आहे. नसीमचा."

"लग्नाच्या नोंदणीचा?" मी आशेने विचारले.

"अहो, कसलं लग्न! म्हणते, आधी देशाची वीज, मग घरचा दिवा." ते हसले नाहीत. "तो आराखडा आता पक्का होतोय. सगळ्यांनी सह्या केल्या. ही म्हणते, मी करणार नाही. एका प्रकरणाला तिची हरकत आहे, ती लेखी देणार. इंग्रजीत पानंच्या पानं लिहिलीत. मी म्हटलं, बाई, देणारच असशील तर आधी शिर्केसाहेबांच्या हातून उतरू दे, मग इंग्रजी कर. हातगुणाचं नाव काढलं तेव्हा कुठे कबूल झाली. उद्या येईल."

"येऊ द्या की."

त्यांनी मागे वळून पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही तो असा लिहा, की लिहिला असं होईल, पण कुणाला लागणार नाही."

मी पेनाला टोपण लावले.

"दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्याला मतभेद म्हणतील, साहेब. अणूच्या आराखड्यावर बागवान हरकत घेणार, तर काय म्हणतील ते तुम्हीच सांगा."

मी सांगितले नाही. "आमच्या कित्येक पिढ्या पुण्यात गेल्या", हे वाक्य यासीनभाईंच्या वारसाच्या अर्जात मीच लिहिले होते. त्यांच्या पणजोबांच्या वेळेपासूनच्या नोंदी मी पाहिलेल्या आहेत. तरीही त्या सकाळी, माझ्या टेबलाशी, तो माणूस आवाज खाली घेऊन बोलत होता. आणि मला लाज वाटण्याऐवजी भीती वाटली. कारण हा कागद माझ्या टेबलावर तयार होणार होता. मी त्यांना होकार दिला.

दुसऱ्या दिवशी नसीम आली. स्कूटर लावली, हेल्मेट काढून टेबलावर ठेवले आणि लहानपणी बसायची तशी पाय वर घेऊन खुर्चीत बसली. यासीनभाई दुकानात होते.

"काका, आधीच सांगते. सांगण्याजोगं आहे तेवढंच सांगणार. बाकीच्याची तुम्हाला गरजही नाही."

"मला नकोच आहे," मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. अणू हा शब्द तिने उच्चारला की, माझी नजर आपोआप आजूबाजूला फिरत होती. समोरच्या चहाच्या गाडीपाशी करड्या सफारीतला एक इसम उभा होता. त्याचा चहा संपला होता. तो मात्र जात नव्हता.

ती जे बोलली, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. आपल्या देशात युरेनियम बेताचे आणि थोरियम पुष्कळ. पण थोरियम नुसते भट्टीत टाकले, तर जळत नाही. म्हणून अणुभट्ट्यांच्या पिढ्या ठरवाव्या लागतात. पहिल्या तऱ्हेच्या भट्टीत जे जळून उरते, त्यातून दुसऱ्या तऱ्हेच्या भट्टीचे इंधन काढायचे, आणि दुसरीच्या जोरावर तिसरी, थोरियमची, पेटवायची.

"विरजणासारखं," ती म्हणाली. "नुसत्या दुधाचं दही होत नाही. कालचं थोडं राखून ठेवावं लागतं. फक्त आमचं काल आणि आज म्हणजे एकेक पिढी. मी जी भट्टी आज कागदावर मांडते, ती बंद करणारा माणूस अजून जन्मलेला नाही."

"बंद करायला एवढा काळ?"

"चालवायलाच किती वर्षं जातात! आणि बंद केली तरी तिच्याजवळ पुढे खूप काळ कुणीतरी जागं राहावं लागतं. चूल विझवली आणि घरी गेलो, असं नसतं ते."

मी धायरीला राहतो. आमच्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते. धरणावर कोणीतरी जागे आहे, हे मी जन्मभर गृहीत धरलेले आहे. तो कोण, त्याच्यानंतर कोण, हे मी कधी विचारलेले नाही. तिचे वाक्य ऐकून मला प्रथम तो नळ आठवला.

"मग तुझी हरकत कशाला? अणुभट्ट्यांना?"

"छे हो. भट्ट्या मला हव्यात. माझी हरकत माणसांच्या प्रकरणाला आहे. धातू कुठून येणार, इंधन कुठून येणार, सगळं मांडलंय. चालवणारी माणसं कुठून येणार, ते मांडलेलं नाही. जुनी माणसं एकदमच निवृत्त होतायत. मध्ये बरीच वर्षं भरती थांबली होती. नवी मुलं आहेत, पण कच्ची. त्यांना शिकवणारी मधली फळीच नाही."

"लिहून ठेवले असेल की पुस्तकात."

"ठेवलंय. पुष्कळ ठेवलंय. काका, तुम्ही अर्ज लिहायला पुस्तकातून शिकलात?"

मी माझ्या मामांच्या शेजारी बसून शिकलो. मामांनी कागद कधी शिकवला नाही. समोरचा माणूस कधी खोटे बोलतो आहे, ते शिकवले. माझ्या शेजारी आज कोणी बसत नाही. भिंतीलगतची टेबले एकेक करून उठली आणि शेवटच्या टेबलाच्या जागी दुचाक्या लागतात. परंतु अर्जनवीस नाहीसे झाले, तर जगाचे फार बिघडत नाही. ती ज्यांच्याविषयी बोलत होती, ते नाहीसे झाले तर काय होईल, असे मी तिला विचारले.

"लगेच काहीच होणार नाही," ती म्हणाली. "तेच वाईट आहे."

मी मुद्दे टिपून घेतले आणि तिला दुसऱ्या दिवशी वडिलांसह यायला सांगितले. ती गेल्यावर करड्या सफारीतला इसम टेबलाकडे आला. मी मुद्द्यांचा कागद वहीखाली सरकवला. त्याने दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "वारसाच्या दाखल्याचं आपण करता का? मघापासून विचारीन म्हणतोय, पण आपल्याकडे गिऱ्हाईक होतं." त्याचे वडील गेल्याच आठवड्यात वारले होते. त्याचा अर्ज लिहिताना माझे अक्षर पहिल्यांदाच वाकडे आले.

नसीमची हरकत मी कबूल केल्याप्रमाणे निजती लिहिली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत देखणा निजता अर्ज होता, असे मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी बापलेक समोर बसले. मी प्रघाताप्रमाणे वाचू लागलो. यासीनभाई डोळे मिटून मान डोलवत होते. नसीम ऐकत होती. मी या वाक्याशी आलो: "आराखड्याच्या अंमलबजावणीच्या अनुषंगाने आवश्यक ते कुशल मनुष्यबळ त्या त्या टप्प्यावर यथावकाश उपलब्ध होण्याच्या दृष्टीने योग्य तो विचार व्हावा."

"काका, हे वाक्य पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले.

"हे आमच्या आराखड्यात आहे," ती म्हणाली. "जवळजवळ असंच्या असं. माणसांच्या प्रकरणात एवढंच आहे. यात गुपित काही नाही. गुपित असतं तर बरं झालं असतं."

"तिथे ते कोणी लिहिले?"

"विचारलं मी. प्रत्येकाला विचारलं. कुणालाच आठवत नाही."

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. ते वाक्य मी का लिहिले, हे मला ठाऊक होते. ते अज्ञानातून आले नव्हते, आळसातूनही नाही. काही घडू नये आणि उद्या कोणी विचारले, तर कोणाचेही नाव निघू नये, म्हणून मी ते शब्द तोलून मापून वापरले होते. म्हणजे त्या गटातही माझ्यासारखा कोणीतरी बसलेला होता. तोही कोणालातरी घाबरलेला होता. कोणाला, ते मला कळण्याचा मार्ग नव्हता. पण माझ्या हातचा निजता अर्ज झोपला, तर बागेतले एक बाक भिंतीकडे तोंड करून राहते. त्याच्या हातचे वाक्य जिच्या उशाशी झोपणार होते, ती वस्तू विझवूनही विझणारी नव्हती. 

नसीम आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत होती.

"अब्बा, तुम्ही सांगितलंत त्यांना असं लिहायला?"

यासीनभाईंनी डोळे उघडले. "हो. मीच सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? तुला माहीत नाही का? तिथं बाकीचे आहेत ना शिकलेले? त्यांना नाही टोचत, तुलाच का टोचतं? बेटा, लोक शब्द वाचायच्या आधी नाव वाचतात."

"नाव मी ठेवलं नाही माझं. तुम्ही ठेवलंत."

"मग आता वाचवतोय तर वाचवू दे!"

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून पाहिले. नसीमचा आवाज खाली आला. "अब्बा, मला भीती वाटत नाही असं समजता का? गेल्या महिन्यापासून मला जेवण जात नाही. पण मी सही केली आणि पुढे कधी काही झालं, तर चौकशीत पहिलं नाव कुणाचं वाचतील?"

  यासीनभाई उठले आणि पाठ करून रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

मी तो देखणा कागद फाडला आणि दुसरा घेतला. तेथेच, ते दोघे समोर असताना, जागता लिहिला. मागणे असे होते: ज्या टप्प्याची भट्टी चालवण्यासाठी शिकून तयार झालेली माणसे हाताशी नाहीत, त्या टप्प्याचे बांधकाम सुरू करू नये, आणि जुनी माणसे निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्या हाताखाली शिकणारी माणसे आजच नेमावीत. वाचून दाखवला तेव्हा नसीम म्हणाली, "हेच. शब्दाला शब्द इंग्रजी करते." कच्चा कागद मी तिलाच दिला. घरी गेल्यावर माझ्या मनात आले की, खालचा कोरा कागद टेबलावर राहिला असेल आणि त्यावर अक्षरांचे वळ उमटले असतील. सकाळी लवकर जाऊन तोही फाडला. आता याचे हसू येते, असे लिहिण्याची पद्धत आहे. मला येत नाही.

नसीमने हरकत दाखल केली. त्यानंतरचा काळ आम्ही तिघांनी कसा काढला, हे मी माझ्यापुरते सांगू शकतो. टेबलाशी कोणी अनोळखी माणूस उभा राहिला की, त्याचे बूट मी आधी पाहत असे. फोनवर अनोळखी क्रमांक आला की, घेत नसे. त्यात काही कामे गेली. कुटुंबाने विचारले, "अहो, कुणाशी भांडलात का?" मी म्हणालो, "देशाशी." ती म्हणाली, "जेवून घ्या."

मग एके दिवशी समजले की, नसीमला आराखडा मंजूर करणाऱ्या समितीपुढे उभे राहून आपली हरकत मांडायला मुंबईला बोलावले आहे. त्या दिवशी यासीनभाई दुकान भावावर सोपवून माझ्या टेबलाशी येऊन बसले. फोन त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. मी दोन उत्पन्नाचे दाखले आणि एक नळजोडणी लिहिली.  यासीनभाई मध्ये एकदाच म्हणाले, "तुम्ही लिहिलंत त्यात नंतर काही काढता येतं का?" मी म्हणालो, "नाही." उन्हे भिंतीवर चढली तेव्हा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, आणि लगेच पुन्हा टेबलावर ठेवून मलाही ऐकू येईल असा केला.

"अब्बा, झालं."

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं. सगळं. मध्ये कुणी बोललं नाही."

"नावाचं काही निघालं का?"

"नाही." ती थांबली. "एकांनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. मी म्हटलं, पुण्याच्या. ते म्हणाले, नाही, मूळच्या. मी म्हटलं, पुण्याच्या."

"मग?"

"मग दुसऱ्यांनी पुढचं पान उलटायला सांगितलं."

यासीनभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. समितीने काय ठरवले, ते तिने नंतर सांगितले. माणसांचे प्रकरण आहे तसेच ठेवून आराखडा पुढे गेला. तिच्या हरकतीची प्रत सोबत जोडली. आणि तिला गटातून काढून दूरच्या किनाऱ्यावरील एका केंद्रात पाठवण्याचे ठरले. तेथील जुन्या माणसांजवळ काय आहे, ते तिने स्वतः शिकावे, त्यावर अहवाल द्यावा, तो आल्यावर प्रकरणाचा फेरविचार होईल.

"शिक्षा आहे की बढती?" यासीनभाईंनी मला विचारले. आदेश त्यांनी सोबत आणला होता. सरकारी कागद वाचण्यात माझा हात धरणारा या भिंतीलगत कोणी नाही, असे मी म्हणत आलो आहे. मी तो आदेश पुन्हा पुन्हा वाचला. मला सांगता आले नाही.

"बदली रद्द करायचा अर्ज लिहा," ते म्हणाले. "माझ्या नावानं. तिला विचारायचं नाही."

मी कागद घेतला, विषय लिहिला आणि कारण विचारले.

"भीती वाटते."

"यासीनभाई, भीती हे कारण चालत नाही."

"मग काय चालतं?"

"आजारपण. आईवडिलांची देखभाल करणारे दुसरे कोणी नसणे. हृदयविकार असल्यास उत्तम."

 "मी ठणठणीत आहे हो," ते म्हणाले, जणू काही तो त्यांचा दोष होता. "आणि तिकडे ती एवढ्या लोकांसमोर खरं बोलून आली. आता मी खोटं लिहू?" ते उठले. मी अर्धवट कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही.

नसीम गेली. दर शुक्रवारी तिचा बापाला फोन येतो आणि शनिवारी यासीनभाई तो मला सांगतात. केंद्रात एक वृद्ध तंत्रज्ञ आहेत. ती त्यांच्या शेजारी बसते. पंप बिघडण्याआधी त्याचा आवाज कसा बदलतो, कोणता काटा खरा बोलतो आणि कोणता सवयीने, हे ते तिला दाखवतात. सगळे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते तिचा हात धरून नळ्यांवर ठेवतात. तिच्याबरोबर शिकायला आणखी माणसे द्यावीत, असे तिने तेथून कळवले होते. अद्याप कोणी आलेले नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास ते वृद्ध तंत्रज्ञ निवृत्त झालेले असतील. गेल्या शनिवारी मी यासीनभाईंना विचारले, "तिचे किती शिकून झाले?"

ते म्हणाले, "म्हणते, निम्मं."